सक्रिय श्रमबाजार कार्यक्रमांतील स्त्रियांचा सहभाग : प्रादेशिक तफावतीच्या आकडेवारीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

रोजगारविषयक शासकीय कार्यक्रमांचे मूल्यमापन करताना 'एकूण मनुष्यदिवसांत स्त्रियांचे प्रमाण' हा निकष गेली दोन दशके सातत्याने वापरला जात आहे. एखाद्या राज्यात हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या जवळ गेले की तेथील कार्यक्रम स्त्रियांना अनुकूल ठरतो. दुसऱ्या राज्यात ते चाळीस टक्क्यांवर अडले की तेथील समाज पुरुषप्रधान असल्याचा निर्वाळा दिला जातो. शासकीय अहवाल, वृत्तपत्रीय लेखन व महाविद्यालयीन शोधनिबंध या तिन्ही ठिकाणी ही मांडणी आढळते. प्रस्तुत लेखात या मांडणीचीच चिकित्सा केली आहे. स्त्रियांच्या सहभागाची टक्केवारी वस्तुतः कशाचे मोजमाप करते, राज्याराज्यांतील फरकाचा अर्थ तिच्या आधारे किती प्रमाणात लावता येतो आणि तिच्यावर विसंबून धोरण आखल्यास काय निसटते, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे. त्यासाठी महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आणि २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा हे दोन अनुभव आधारभूत मानले आहेत.

संकल्पनेची पार्श्वभूमी

बेकाराला केवळ भत्ता देऊन न थांबता त्याला कामापर्यंत नेणाऱ्या उपायांना सक्रिय श्रमबाजार कार्यक्रम असे म्हटले जाते. प्रशिक्षण, रोजगार शोधण्यास साहाय्य, मालकाला वेतन-अनुदान आणि सार्वजनिक कामांवर थेट रोजगार हे त्याचे चार प्रमुख प्रकार होत. या विचाराची पद्धतशीर मांडणी स्वीडनमध्ये झाली. गोस्टा रेन व रुडॉल्फ माइडनर या कामगार संघटनेच्या अर्थतज्ज्ञांनी १९५१ मध्ये मांडलेल्या प्रारूपात मागे पडलेल्या उद्योगांतील व प्रदेशांतील कामगारांना प्रशिक्षण देऊन वाढत्या उद्योगांकडे वळविणे अभिप्रेत होते. म्हणजेच प्रादेशिक विषमतेचा प्रश्न या संकल्पनेच्या मुळाशीच होता. स्त्री-पुरुष विषमतेचा प्रश्न मात्र त्या मानाने उशिरा ऐरणीवर आला.

युरोपीय देशांत अशा कार्यक्रमांत शिरण्याचे दार म्हणजे बेकार म्हणून झालेली नोंदणी. ज्या स्त्रीने मुलांच्या संगोपनासाठी नोकरी सोडली व पुढे नोंदणी केली नाही, ती आकडेवारीत बेकार नसते, म्हणून कार्यक्रमाची लाभार्थीही नसते. जर्मनीत २००५ मध्ये बेकारी-साहाय्याची जी पुनर्रचना झाली, तिच्यात गरजेचे एकक व्यक्ती न मानता एकत्र राहणारे कुटुंब मानले गेले. परिणामी, जोडीदाराचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर दीर्घकाळ बेकार राहिलेल्या व्यक्तीचा साहाय्यावरील हक्क संपुष्टात येई. कमावता जोडीदार बहुधा पुरुष असल्याने या तरतुदीची झळ स्त्रियांना अधिक बसली. नियमाच्या भाषेत स्त्री-पुरुष असा भेद कोठेही नव्हता. तरीही नियमाचा परिणाम भेदयुक्त होता. ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

अशा कार्यक्रमांच्या परिणामांविषयी डेव्हिड कार्ड, योखेन क्लुव्ह व आंद्रेआ वेबर यांनी दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. स्त्रियांच्या बाबतीत या कार्यक्रमांचा परिणाम तुलनेने अधिक दिसतो, हा त्यातील एक निष्कर्ष होय. ज्यांना लाभ अधिक होतो, त्यांचा प्रवेश कोठे सुकर होतो व कोठे अडतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ न्यायाचा नाही; तो कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचाही आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या पुढाकाराने झालेला प्रयोग हे रोजगार हमी योजनेचे बीज मानले जाते. १९७२ च्या दुष्काळाने या बीजाला राज्यव्यापी रूप दिले. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. नागरी भागातील पगारदारांकडून व्यवसाय कराच्या रूपाने पैसा उभा करून ग्रामीण मजुराला कामाचा कायदेशीर हक्क देणारी ही व्यवस्था देशात अपूर्व होती.

'मागेल त्याला काम' हे या योजनेचे सर्वपरिचित घोषवाक्य. त्यातील सर्वनाम पुल्लिंगी आहे. परंतु काम मागणाऱ्यांत स्त्रियांची संख्या प्रारंभापासूनच मोठी होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याचे मातीकाम या सर्व कामांवर स्त्रिया दिसत. कुमुदिनी दांडेकर यांनी स्त्रियांना मिळणारी रोजगाराची संधी या अंगाने योजनेचा अभ्यास करून तो १९८३ मध्ये प्रसिद्ध केला, ही गोष्टही त्या काळी हा सहभाग किती लक्षवेधी होता हे दर्शविते. विशेष म्हणजे त्या वेळी कायद्यात स्त्रियांसाठी कोणताही राखीव हिस्सा नव्हता. असे असता स्त्रिया मोठ्या संख्येने का आल्या, याची कारणे योजनेच्या रचनेत सापडतात. काम गावाजवळ होते. मजुरीचा दर कामाच्या मापावर ठरत असल्याने स्त्री व पुरुष यांच्यासाठी वेगळा नव्हता. आणि शेतीत स्त्रीला मिळणारी मजुरी पुरुषाहून बरीच कमी होती. त्यामुळे योजनेवरील मजुरी पुरुषाला जेमतेम वाटली तरी स्त्रीला ती लाभदायक होती.

या अनुभवाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. १९८८ मध्ये किमान वेतनातील वाढीबरोबर योजनेची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. त्यानंतर रोजगाराचे प्रमाण घटले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी यांनी १९९३ मधील आपल्या अभ्यासात ही घट मागणी ओसरल्यामुळे झाली नसून कामांच्या पुरवठ्यावर मर्यादा घातल्यामुळे झाली, असे दाखविले. कायद्यात हमी असली तरी प्रत्यक्षात कामे कमी काढून ती आकुंचित करता येते, हा धडा येथे मिळतो. काम अपुरे पडू लागले की ते प्रथम कोणास मिळते, हा प्रश्न अशा वेळी उभा राहतो; आणि गावातील सत्तासंबंध पाहता त्याचे उत्तर बहुधा स्त्रियांच्या बाजूने नसते.

राज्याराज्यांतील तफावत : दोन स्पष्टीकरणे

२ फेब्रुवारी २००६ रोजी केंद्रीय कायद्याची अंमलबजावणी २०० जिल्ह्यांत सुरू झाली आणि एप्रिल २००८ पासून ती देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचली. लाभार्थ्यांपैकी किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद या कायद्यात होती. पहिल्याच वर्षात, म्हणजे २००६-०७ मध्ये, स्त्रियांचे राष्ट्रीय प्रमाण सुमारे ४० टक्के होते. परंतु या सरासरीच्या पोटात मोठी दरी होती. तामिळनाडूत ते ८० टक्क्यांच्या आसपास, केरळ व राजस्थानात सुमारे दोन-तृतीयांश, महाराष्ट्रात ३७ टक्क्यांच्या जवळपास, बिहार व उत्तर प्रदेशात सुमारे १७ टक्के, तर हिमाचल प्रदेशात सुमारे १२ टक्के होते.

या दरीचे पहिले व सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण सांस्कृतिक आहे. दक्षिणेत स्त्रीच्या घराबाहेर पडण्यावर निर्बंध कमी, उत्तरेत अधिक. म्हणून सहभागही तसाच, असा हा युक्तिवाद. तो सर्वस्वी चुकीचा आहे असे नाही. परंतु नंतरच्या घडामोडी त्याच्या मर्यादा स्पष्ट करतात. बिहारमधील प्रमाण पुढील दीड दशकात निम्म्याच्या वर गेले. हिमाचल प्रदेशातील प्रमाण साठ टक्क्यांपलीकडे पोहोचले. संस्कृती इतक्या अल्पावधीत बदलत नाही. बदलले ते कार्यक्रमाचे व श्रमबाजाराचे संदर्भ. खेरीज, राजस्थानात पडद्याची चाल प्रबळ असूनही तेथील सहभाग प्रारंभापासूनच उच्च होता. दुष्काळी कामांवर जाण्याची तेथील स्त्रियांची जुनी सवय आणि माहितीच्या हक्कासाठी झालेल्या चळवळींतून आलेली जागरूकता यांचा विचार केल्याविना या प्रमाणाचा उलगडा होत नाही.

दुसरे स्पष्टीकरण मजुरीतील अंतराचे आहे, आणि ते अधिक दखलपात्र आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये केरळात पुरुष शेतमजुराची सरासरी दैनिक मजुरी ७६४ रुपये होती. त्याच वर्षी तेथील रोजगार हमीची मजुरी ३११ रुपये होती. म्हणजे हमीची मजुरी बाजारातील मजुरीच्या निम्म्याहूनही कमी. अशा स्थितीत पुरुष या कामाकडे फिरकत नाही, हे स्वाभाविकच. केरळातील नव्वद टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण हे अंशतः स्त्रियांच्या उपस्थितीचे आणि अंशतः पुरुषांच्या अनुपस्थितीचे द्योतक आहे. याउलट त्याच वर्षी गुजरातेत शेतमजुरी २४२ रुपयांच्या आसपास व हमीची मजुरी २३९ रुपये, तर महाराष्ट्रात ती अनुक्रमे ३०३ व २५६ रुपये होती. जेथे हे अंतर अल्प, तेथे पुरुषही कामावर येतात आणि स्त्रियांची टक्केवारी निम्म्याखाली राहते.

तथापि, हे स्पष्टीकरणही पुरेसे नाही. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात शेतमजुरी ३०९ व हमीची मजुरी २१३ रुपये होती. बिहारमध्ये ती ३०८ व २१० रुपये होती. दोन्ही राज्यांतील अंतर जवळजवळ सारखेच. तरीही स्त्रियांचे प्रमाण बिहारमध्ये निम्म्याहून अधिक, तर उत्तर प्रदेशात चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. शेजारची राज्ये, मिळतीजुळती सामाजिक रचना, सारखेच मजुरीचे अंतर. आणि तरीही हा फरक. बिहारमध्ये २००६ पासून पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण मिळाले, त्याच सुमारास 'जीविका' कार्यक्रमाद्वारे बचत गटांचे जाळे उभे राहू लागले आणि पुरुषांचे परराज्यांत स्थलांतर चालूच राहिले. केरळातही 'कुटुंबश्री'च्या गटांतील स्त्रियांकडे कामांच्या देखरेखीची जबाबदारी सोपविण्यात आली होती. काम मागणाऱ्या स्त्रीची गाठ प्रथम कोणाशी पडते, ठेकेदाराशी, सरपंचाशी की गटातील दुसऱ्या एखाद्या स्त्रीशी, यावर तिचा प्रवेश बव्हंशी अवलंबून असतो, असे अनुमान यावरून काढता येते. रीतिका खेरा व नंदिनी नायक यांनी उत्तर भारतातील सहा राज्यांत २००८ मध्ये झालेल्या पाहणीच्या आधारे लिहिलेल्या निबंधातही ठेकेदारांची उपस्थिती स्त्रियांना बाधक ठरत असल्याचे नमूद आहे.

कुटुंब हे एकक आणि स्त्रीचा हक्क

केंद्रीय कायद्याने दिलेली १०० दिवसांची हमी व्यक्तीला नव्हती, कुटुंबाला होती. महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यात हक्क प्रौढ व्यक्तीचा होता. राष्ट्रीय पातळीवर येताना तो कुटुंबाचा झाला. या बदलाची चर्चा जितकी व्हावयास हवी होती तितकी झाली नाही. कुटुंबाचे १०० दिवस घरातील कोणी वापरावयाचे, हे कुटुंबांतर्गत सत्तासंबंधांवर ठरते. जेथे पुरुषाला बाहेर अधिक मजुरी मिळते तेथे ते स्त्रीच्या वाट्याला येतात; जेथे मिळत नाही तेथे पुरुष ते स्वतः वापरतो. विधवा व परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे मार्गदर्शक सूचनांत नमूद असले तरी माहेरी राहणाऱ्या परित्यक्तेचे नाव भावाच्या जॉबकार्डावर असेल तर तिच्या दिवसांचा निर्णय भावाच्या घरात होतो.

एककाचा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, याचे प्रमाण मध्य प्रदेशातील एका प्रयोगातून मिळाले. एरिका फील्ड, रोहिणी पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या राज्याच्या उत्तर भागात केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही स्त्रियांची मजुरी कुटुंबप्रमुखाच्या खात्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करण्याची व्यवस्था करण्यात आली आणि खाते वापरण्याचे प्रशिक्षणही देण्यात आले. या स्त्रियांचे काम योजनेवर वाढले, त्याचप्रमाणे खाजगी क्षेत्रातही वाढले. गाव तेच, जात तीच, कुटुंबेही तीच; बदलले ते केवळ पैसे कोणाच्या हाती पडतात एवढेच. 'आमच्याकडे बायका कामाला जात नाहीत' या विधानामागे परंपरा किती आणि व्यवस्था किती, याचा फेरविचार या निष्कर्षामुळे करावा लागतो.

महाराष्ट्रांतर्गत विषमता

राज्य हे तुलनेचे एकक मानल्याने राज्यांतर्गत भेद झाकले जातात. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ज्या राज्याने देशाला ही कल्पना दिली तेथेच स्त्रियांचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत राष्ट्रीय सरासरीच्या खाली, चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांच्या दरम्यान राहिले आहे. यामागील एक कारण कामांच्या बदलत्या स्वरूपात शोधावे लागेल. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली. पुढे वैयक्तिक लाभाच्या सिंचन विहिरींवरही मोठा भर आला. उत्पादक मत्ता निर्माण करण्याच्या दृष्टीने हे धोरण समर्थनीय आहे. परंतु फळबाग व विहीर यांसाठी सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे असते. विहिरीच्या खोदकामात स्त्रियांना वावही मर्यादित असतो. पूर्व विदर्भातील भंडारा-गोंदियासारख्या जिल्ह्यांत तलावांतील गाळ काढण्याची सामूहिक कामे निघतात, तेथे स्त्रियांना गटाने कामावर येणे सोपे जाते. कामाची निवड ही तांत्रिक बाब मानली जाते. प्रत्यक्षात ती लिंगभावाची बाबही आहे.

मराठवाड्यातील ऊसतोडीचे उदाहरण याहून बोलके आहे. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर कारखान्यांच्या क्षेत्रात जातात. येथे मजुरीचे एकक 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीच्या नावावर, आणि व्यवहार होतो तो पुरुषाशी. रोजगार हमीची मजुरी पंधरा दिवसांत मिळावी, असा नियम असूनही ती वेळेवर हाती पडेल याची शाश्वती नसते. उचल मात्र हंगामापूर्वीच रोख मिळते. कर्जफेड, लग्न वा आजारपण यांसाठी एकरकमी पैशाची निकड असलेले कुटुंब यांपैकी कशाची निवड करील, हे सांगणे नको. ऊसतोड स्त्री-कामगारांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला व शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. काम बुडाले तर होणारा दंड आणि विश्रांतीचा अभाव यांचा या प्रश्नाशी असलेला संबंध तेव्हा चर्चेत आला. रोजगार हमीच्या हजेरीपटावर या स्त्रिया हंगामात दिसत नाहीत. अशा वेळी त्यांची अनुपस्थिती 'मागणी नाही' या सदरात नोंदविली जाते, ही आकडेवारीची मोठी उणीव होय.

टक्केवारीच्या मर्यादा

वरील विवेचनावरून या निकषाच्या तीन मर्यादा स्पष्ट होतात. पहिली, हे प्रमाण सापेक्ष आहे. समजा, एका गावात १,००० मनुष्यदिवस काम निघाले आणि त्यात स्त्रियांचे ४०० दिवस होते. पुढील वर्षी काम ५०० दिवसांवर आले व स्त्रियांचे दिवस ३५० झाले. टक्केवारी ४० वरून ७० वर गेली. प्रत्यक्षात स्त्रियांनी ५० दिवसांची मजुरी गमावली. दुसरी मर्यादा अशी की हा निकष न आलेल्या, परत पाठविलेल्या व नोंद न झालेल्या स्त्रियांविषयी काहीच सांगत नाही. तिसरी, तो कामाच्या अटींविषयी मौन बाळगतो. सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले कामावर असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी, ही तरतूद कायद्यात होती; पाळणाघर प्रत्यक्षात अपवादानेच आढळे. भ्रमणध्वनीवरील उपयोजनातून दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी घेण्याची पद्धत २०२३ च्या प्रारंभापासून सर्वत्र सक्तीची झाली. हजेरीतील गैरप्रकार रोखणे हा तिचा हेतू होता. परंतु नेमून दिलेले माप लवकर उरकून घरच्या कामासाठी परतणाऱ्या स्त्रीची सवड त्यामुळे गेली. टक्केवारीत या बदलाचा मागमूस लागत नाही.

नवा कायदा आणि जुना प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा विकसित भारत – रोजगार व आजीविका हमी मिशन (ग्रामीण) कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले. मात्र हक्काचे एकक कुटुंबच राहिले. बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार आला असून पेरणी व कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. शेतीला मजूर उपलब्ध व्हावेत, हा तिचा हेतू सांगितला जातो. परंतु शेतीत स्त्रीची मजुरी पुरुषाहून कमी असते, आणि रोजगार हमीचे काम उपलब्ध असणे हाच तिच्या वाटाघाटीचा आधार असतो. ज्या दिवसांत तिच्या श्रमाला सर्वाधिक मागणी असते, नेमक्या त्याच दिवसांत हा आधार काढून घेतल्यास मजुरीतील तफावत टिकून राहण्याची शक्यता आहे. खर्चाचा वाढीव भार दुर्बल राज्यांना न पेलल्यास कामे कमी निघतील, हा धोकाही १९८८ नंतरच्या महाराष्ट्राच्या अनुभवाच्या प्रकाशात गांभीर्याने घ्यावयास हवा. विशेष असे की, या दोन्ही परिणामांनंतरही स्त्रियांची टक्केवारी घटेलच असे नाही. ती कदाचित वाढेलही. म्हणूनच केवळ त्या आकड्यावर समाधान मानणे धोक्याचे ठरेल.

समारोप

सक्रिय श्रमबाजार कार्यक्रमांतील स्त्रियांच्या सहभागात आढळणारी प्रादेशिक तफावत केवळ संस्कृतीने घडविलेली नाही आणि केवळ मजुरीतील अंतरानेही नाही. प्रवेशाच्या दाराशी कोण उभे आहे, हक्काचे एकक कोणते आहे, पैसे कोणाच्या हाती पडतात आणि कोणत्या प्रकारचे काम निवडले जाते, या चार बाबी तिच्या घडणीत निर्णायक ठरतात; आणि या चारही बाबी धोरणाच्या कक्षेतील आहेत. म्हणून टक्केवारीच्या जोडीला दर हजार प्रौढ ग्रामीण स्त्रियांमागे मिळालेले कामाचे दिवस, काम मागूनही न मिळालेल्या स्त्रियांची नोंद, एकल स्त्रियांच्या स्वतंत्र जॉबकार्डांची संख्या आणि मजुरी प्रत्यक्ष हाती पडण्यास लागलेला काळ ही माहिती जिल्हावार प्रसिद्ध होणे आवश्यक आहे. अशी माहिती हाती आली तरच कोणत्या जिल्ह्यात स्त्री स्वेच्छेने कामापासून दूर राहिली आणि कोणत्या जिल्ह्यात तिला दूर ठेवले गेले, यांतील भेद अभ्यासकाला करता येईल. तोवर केरळचे नव्वद टक्के आणि महाराष्ट्राचे चाळीस-पंचेचाळीस टक्के एकाच मापाने मोजणे शास्त्रीय दृष्ट्या सदोष आहे, आणि हजेरीपटावर नाव न लागलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ते अन्यायकारकही आहे.